र कुठे बिघडतो

अंड्यासारखं धम्मचक्र कोरणारी बाई म्हणून ढाणकीत माझं नाव व्हायला एकच महिना लागला. त्याआधी चोवीस वर्षं मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवत आले आहे, वर्तुळाची व्याख्या फळ्यावर शेकडो वेळा लिहिली आहे, पण ते कोणाच्या लक्षात नाही. अंडं मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

मशीन मी हौसेने घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या बायका आमच्याकडे गुडघ्याला लावायचं तेल घेतात, मी लाकूड कोरणारी मशीन घेतली. संगणकावर आकृती काढायची आणि मशीनने आपला फिरता कटर इकडून तिकडे नेत ती आकृती लाकडात उतरवायची, एवढंच तिचं काम. दोन खोक्यांमधून ती सुटी सुटी आली. मी व्हिडिओ पाहून ती जोडली आणि जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. ते डबीत घालून ठेवले. पुढे महिनाभर काहीही बिघडलं की सगळ्यात आधी मला ते चार स्क्रू आठवायचे.

ठेवायला जागा मिळाली ती मागच्या खोलीत, आणि ती खोली माझ्या नवऱ्याच्या कापसाची. तो शेती करतो. मनासारखा भाव आल्याशिवाय कापूस विकायचा नाही हे त्याचं तत्त्व आहे, आणि भावाचंही स्वतःचं काही तत्त्व असावं. मार्च उजाडला तरी कापसाचा ढीग छताला टेकलेला होता. मधोमध माझी एक जुनी साडी बांधून आम्ही खोलीची वाटणी केली. अलीकडे मी आणि मशीन, पलीकडे कापूस.

"तुह्या भुशाचा एक कण जरी माह्या कापसात गेला, तं व्यापारी नाक मुरडन," नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं. मी साडीचा काठ विटांखाली दाबला आणि भुसा रोजच्या रोज झाडून काढायचं कबूल केलं.

खरी गोष्ट सुरू होते ती माझ्या सासऱ्यांपासून. त्यांना मी मामाजी म्हणते. ते ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांचं उभं आयुष्य आऱ्यावर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत गेलं. सुतारकामही ते तिथेच शिकले. आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराची पाटी त्यांनीच तरुणपणी टिनाच्या पत्र्यावर रंगवली होती. तिला आता गंज चढला आहे. ही पडायच्या आधी सागाची कोरलेली पाटी मी देईन, असा शब्द त्यांनी विहाराच्या कमिटीला दिला, त्यालाही बरीच वर्षं झाली. फळी तयार होती. आरा बंद पडला तेव्हा मालकाने ती त्यांच्या हातात दिली होती. दोन फूट लांब, एकही गाठ नाही. त्यांच्या खाटेखाली ती पोत्यात गुंडाळून ठेवलेली असायची. पण तिला छिन्नी लावायची वेळ येईस्तोवर मामाजींचे हात थरथरायला लागले. चहाची बशी उचलली की अर्धा चहा सदऱ्यावर. त्यांनी छिन्नी पेटीत ठेवून दिली आणि मग घरात त्या पाटीचा विषय कोणी काढत नसे.

एका दुपारी माझी मशीन मिठाच्या डब्याचं झाकण कोरत असताना ते दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर पेन्सिलीने वर चक्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बुद्ध विहार' असं लिहिलं होतं.

"अक्षर माह्यं राहीन, कोरन तुही मशीन," ते म्हणाले. "चौदा एप्रिलले, जयंतीच्या सकाळी पाटी लागली पाह्यजे. पण फळी एकच हाय, बाई. आधी प्लायवूडवर लागोपाठ तीन डाव बरोबर काढून दाखव, मंग फळीले हात लाव."

"आणि नाही जमलं तर?"

"तं फळी माह्यासंगं जाईन."

हे त्यांनी 'उद्या बाजारात जाईन' म्हणावं इतक्या सहज म्हटलं.

मी कागदाचा फोटो काढला, संगणकात अक्षरांच्या रेषांवरून रेषा ओढल्या. कागदावरचं चक्र काही गोल नव्हतं, म्हणून तेवढं संगणकातच नव्याने काढलं. पहिला तुकडा लावला आणि चहा ठेवायला गेले. परत येऊन पाहते तो चक्राचं अंडं झालेलं, आणि 'विहार'मधला र सरकून हाच्या मांडीवर जाऊन बसलेला.

नवऱ्याने तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला. "छान हाय," म्हणाला. "काय हाय?"

तिथून पुढे माझी सकाळची शाळा आणि दुपारची मशीन असा दिनक्रम सुरू झाला. मी गणिताची बाई आहे. उत्तर चुकलं तर पायरी चुकलेली असते, यावर माझा विश्वास आहे. म्हणून एक वही केली आणि एक एक पायरी तपासायला घेतली. आधी कटर बोथट निघाला, तो बदलला. मग मोटार आणि तिचा लांब आटेदार दांडा यांना जोडणारा सांधा ढिला निघाला. मोटार हा दांडा फिरवते आणि दांड्यावरून कटर सरकतो. सांधा ढिला म्हणजे मोटार फिरते आणि दांडा विचार करत बसतो. तो आवळला. चक्राच्या अंड्याचा बटाटा झाला, म्हणजे सुधारणा होती. मग वेग कमी केला. इतका कमी केला की एक अक्षर कोरेपर्यंत कुकरच्या आठ शिट्ट्या व्हायच्या. र तरीही सरकलाच.

प्लायवूडचे तुकडे मी आणायची ते विहार कमिटीच्या अध्यक्षांच्या दुकानातून. त्यामुळे माझं एकही अपयश गुप्त राहिलं नाही. दुकानात पाऊल टाकलं की ते गल्ल्यावरूनच विचारत, "काय मॅडम, आज अंडं का बटाटा?" शिवाय पाटीवर कमिटीच्या सगळ्या सदस्यांची नावं यावीत असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी एकदा घरी येऊन मामाजींना सांगूनही पाहिलं. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "फळी दोन फुटाची अन् कमिटी अकरा जणायची," ते म्हणाले. "नावं पाह्यजे असन तं दरवाजा आणा." अध्यक्षांनी चहा घेतला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मला एक गोष्ट खटकत होती. छोटं काम मशीन नीट करायची. मिठाचं झाकण, साखरेचं झाकण, सगळं ठीक. मोठं काम लावलं की बिघडायची, आणि दर वेळी उजव्या टोकाला, र पाशी. पहिले दोन दिवस मी त्या रलाच आरोपी धरलं. संगणकात त्याचा बिंदू न् बिंदू तपासला. र निर्दोष होता. मग विजेवर संशय गेला, कारण आमच्याकडे विजेवर संशय घेणं कधी वाया जात नाही. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून मशीनला लावला. मशीन सुधारली नाही, दूध मात्र नासलं. मग कोणीतरी सांगितलं, अर्थिंग तपासा. मी रोज संध्याकाळी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतायला लागले.

"झाड लावलं काय इथं?" नवऱ्याने विचारलं.

"अर्थिंग आहे ते."

"कवा फुटन?"

मला आता राग येऊ लागला होता. मशीनचा, नवऱ्याचा आणि विशेष करून इंटरनेटवरच्या त्या लोकांचा, जे प्रत्येक प्रश्नाला 'आधी सफाई करा' असं उत्तर देतात. मी सफाई करत नव्हते का? दांड्याच्या आट्यांत भुसा बसतो, त्याने कटर अडखळतो, म्हणून तो दांडा रोज पुसून तेल लावा, असं सगळ्या जगाचं एकमुखाने म्हणणं होतं. मी एकदा सोडून दोनदा पुसत होते. जितकी मशीन बिघडायची तितकी मी जास्त पुसायची आणि जितकी पुसायची तितकी ती जास्त बिघडायची. आणखी एक बारीक दोष होता. अक्षरांच्या कडा हलक्या थरथरलेल्या दिसायच्या. टेबल हलत असेल म्हणून मी त्याच्या पायांखाली नवऱ्याच्या जुन्या चपलेचे तुकडे घातले. ती चप्पल जुनी नव्हती, असं त्याचं आजही म्हणणं आहे.

जयंतीला पाच दिवस उरले आणि वहीची पानं संपत आली. मामाजी रोज दुपारी येऊन कालचा तुकडा पाहायचे आणि भिंतीला टेकवून ठेवायचे. भिंतीला सतरा तुकडे झाले. ते एकदा जरी रागावले असते तरी मला बरं वाटलं असतं. फक्त त्यांचं जेवण कमी झालं होतं. मला रात्रंदिवस ती खाटेखालची फळी आणि 'माह्यासंगं जाईन' हे शब्द छळत होते.

त्या दिवशी दुपारी ऐन कामात लाइन गेली. कटर रच्या तोंडाशी येऊन थांबला. मी कपाळावर हात मारून खाली बसले. मामाजी मात्र उठले आणि मशीनपाशी गेले. महिनाभर ती सतत चालू असायची, म्हणून त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता.

"आता हे मेलेली हाय ना?"

"लाइन नाही, मामाजी. करंट नाही."

"मंग बरं. सकाळी आरा चालू कराच्या आधी आम्ही त्याचं चाक एक डाव हातानं फिरवत होतो. चालत्या आऱ्याले इचारता येत नाही, का तुले कुठं दुखते. बंद असला का तो सांगते."

मोटारीच्या मागे एक छोटी चकती असते. ती हाताने फिरवली की दांडा फिरतो. मामाजींनी ती धरली. हात थरथरत होता, तरी चकती हळूहळू फिरू लागली आणि कटर डाव्या टोकापासून उजवीकडे निघाला. बु, द्ध, वि, हा, सगळी अक्षरं मागे पडली. त्यांनी डोळे मिटले होते.

"इथं जड चालते," ते म्हणाले. "तू पाह्य."

मी फिरवून पाहिलं. रच्या अलीकडे दोन बोटं, चकती एकदम जड झाली. मी तिथलं झाकण काढलं. आत दांड्याच्या टोकाशी आट्यांमध्ये काहीतरी काळं, तेलकट, घट्ट गुंडाळलेलं होतं. मामाजींनी त्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. ते येतच राहिलं. दिव्याच्या जाड वातीसारखं, हातभर लांब.

तो कापूस होता.

साडीपलीकडून उडून आलेला नव्हता. साडी आपलं काम चोख करत होती. तो मी घातला होता. दांडा पुसायला चिंधी हवी, आणि कापसाने छतापर्यंत भरलेल्या घरात चिंधी कोण शोधत बसतं? मी रोज साडी बाजूला करून मूठभर कापूस ओढायची, शिलाई मशीनच्या तेलात बुडवायची आणि मोठ्या श्रद्धेने दांडा पुसायची. दर वेळी थोडे तंतू आट्यांत राहायचे. सरकता कटर ते ढकलत ढकलत टोकाला नेऊन ठासायचा. मोठं काम लावलं की तो टोकापर्यंत जायचा, तिथे अडखळायचा, आणि मशीनला वाटायचं की आपण पोहोचलो. त्याच चुकलेल्या मोजणीवर ती परत येऊन दुसरा फेरा मारायची, म्हणून चक्राचंही अंडं. सगळ्या जगातल्या तज्ज्ञांनी 'सफाई करा' म्हणून सांगितलं होतं, पण कापसाने करू नका असं एकानेही सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरात कापूस नसेल.

नवरा आला, त्याने ती वात पाहिली, वास घेतला. "म्या भुशाची राखण करून राह्यलो," तो म्हणाला, "अन् इकडे तुह्या मशीनले बोंडं लागले."

लाइन आली. मी दांडा साफ केला, या वेळी त्याच्या बनियनने. नवा तुकडा लावला. चक्र गोल आलं. मी परकार लावून पाहिलं, चहूकडून गोल. र आपल्या जागी. दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा तसाच, मग तिसराही तसाच. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण अक्षरांच्या कडा अजूनही थरथरलेल्या होत्या. आता एवढा एकच दोष राहिला होता आणि तो मी सोडणार नव्हते. पान्हा घेतला आणि टेबलाखाली शिरले.

"निघ बाहेर, बाई," मामाजी म्हणाले.

"टेबल हलतंय कुठेतरी. दोन मिनिटं थांबा."

"टेबल नाही हलत. चक्राची कड पाह्य, कशी साफ हाय. तेच लाकूड, तोच कटर. मशीन बरोबर हाय. म्या जसं लिहिलं तसंच ते करून राह्यली."

चोवीस वर्षं मी पोरांना सांगत आले की दिलेली माहिती आधी नीट वाचा. आणि त्या कागदावरचा पेन्सिलीचा थरकाप मी महिनाभर मशीनमध्ये शोधत होते. त्यांना तो पहिल्या तुकड्यापासून दिसत असणार. एकेक तुकडा भिंतीला टेकवताना ते काय पाहत होते हे मला तेव्हा कळलं. मी टेबलाखालून लवकर बाहेर आले नाही, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

"सरळ करता येते काय ते?" वरून आवाज आला.

येत होतं. संगणकात त्याला एक बटण असतं. मी डोळे पुसून बाहेर आले, बटण दाबलं. अक्षरं ताठ उभी राहिली. मामाजींनी पडद्याजवळ डोळे नेले.

"हे कोणाचं अक्षर हाय?"

"तुमचंच. सरळ केलेलं."

"माह्यं नोहे. तहसीलचं वाटते."

ते आपल्या खाटेवर जाऊन बसले. मी शिडी घेतली, नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि भर उन्हात विहारावर गेले. तिथे दारावर ती गंजलेली टिनाची पाटी होती. बु होता, द्ध होता, वि आणि हाही होता. रंग उडाला होता, पण ज्या हाताने ते काढले तो हात तेव्हा जराही हललेला नव्हता. र तेवढा नव्हता. वरच्या पन्हळीचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर पडलं होतं आणि रच्या जागी पत्र्याला भोक पडलं होतं. हा र आयुष्यात मला कधी सुखाने मिळणार नाही, असं मला शिडीवर उभं राहून वाटलं.

चार अक्षरं मी फोटो काढून पत्र्यावरून उचलली. र कागदावरून घ्यावा लागला. पडद्यावर सगळी शेजारी शेजारी मांडली तेव्हा फरक कळत होता. माझं बोट त्या बटणावर होतं. मी मामाजींना बोलावलं आणि विचारलं, हा एक सरळ करू का.

आपलीच तरुणपणीची चार अक्षरं त्यांनी बोटाने हवेत गिरवली. "राहू दे," ते म्हणाले. "एवढा एक आताचा राहू दे."

मग खाटेखालून फळी निघाली. कटर लावायच्या आधी मामाजींनी चकती हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. नवऱ्याने आणखी एक साडी आणून पहिल्या साडीवर बांधली आणि कोणी कापसाकडे पाहायचंसुद्धा नाही असं जाहीर केलं. मी पूर्ण वेळ मशीन थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून उभी होते. जुन्या सागाचा वास खोलीभर पसरला. र आला, संपला, कटर वर उचलला गेला. मी मामाजींकडे पाहिलं. ते फळीवरचा भुसा फुंकत होते.

पॉलिशपेपरने ती फळी त्यांनीच घासली. मी मदतीला गेले तर हात झटकला. "घासाले असाच हात पाह्यजे," म्हणाले. "आपोआप चालते."

जयंतीच्या सकाळी पाटी लागली. लोक येत होते, वर पाहत होते, चपला काढत होते. अध्यक्ष स्टुलावर चढले, त्यांनी चक्रावरून बोट फिरवलं आणि समाधानाने मान डोलावली. मग बोट अक्षरांवरून सरकत सरकत टोकाला गेलं आणि थांबलं.

"मॅडम, सगळं एक नंबर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फक्त हा शेवटचा र जरासा हललेला दिसून राह्यला. इथं मशीन चुकली वाटते."

मी तोंड उघडलं. मशीन अजिबात चुकलेली नाही, हे मला परकार लावून सिद्ध करता आलं असतं. तेवढ्यात मामाजींनी आपला उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून पाठीमागे नेला आणि वर न पाहता म्हणाले, "कापूस अडकला असन."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांत मी चुकीच्या उत्तराला कधी गुण दिलेले नाहीत.

"हो," मी म्हटलं. "तिथे अडकतेच ती."